माथ्यावरचा ओढा

१२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

एक कोडं घालते. तू डोंगराच्या पायथ्याशी राहतेस, तेव्हा ते तू पाहिलेलं असणारच; किंबहुना रोज पाहून पाहून दिसेनासं झालं असेल. पाऊस सरून दोन-तीन महिने उलटले, की डोंगर एका रंगाचा राहत नाही. सगळा उतार फिकट, पिवळट हिरवा पडतो आणि त्यातूनच एक गडद हिरवी रेघ नागमोडी वळणं घेत वर चढते. ती कुणी लावलेली नाही, कुणी शिंपलेली नाही. मग ती तिथेच का?

उत्तर सांगायला मला किती आनंद होतो ते माझ्या धाकट्या भावाला विचार. लहानपणी त्याने एकदा ‘आकाश निळं का असतं’ असं विचारलं होतं आणि माझं सांगून होईपर्यंत आकाश काळं झालं होतं. तर, ती रेघ म्हणजे ओढा. पाणी खोलगट भागात गोळा होतं. वरचा प्रवाह आटला तरी मातीखालची ओल टिकते, म्हणून तिथली झाडं पानं ढाळत नाहीत, दाट वाढतात आणि त्यांचे माथे एकमेकांत मिसळतात. उलट धारेवर, म्हणजे डोंगराच्या उंच कण्यावर, माती पातळ आणि वारा भरपूर. तिथे बांबू तग धरतो. उपग्रहाच्या चित्रात ओढ्याकाठचं रान फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखं गडद आणि खडबडीत दिसतं, आणि बांबू फिकट, मऊ, विंचरलेल्या केसांसारखा.

हे सगळं आज का, तर आमच्या कार्यालयात देशभराच्या भू-आच्छादनाचा नवा नकाशा चालू आहे. भू-आच्छादन म्हणजे जमीन कुणाच्या मालकीची, हा प्रश्न नव्हे. वरून पाहिलं तर तिच्या अंगावर पांघरूण कसलं, एवढंच. रान, शेत, गवत, पाणी, घरं, उघडा खडक. इतकी वर्षं मी सपाट मुलुखाची पानं केली. यंदा प्रथमच डोंगराळ पान वाट्याला आलं आणि त्यात नेमका तुमचा डोंगर निघाला.

आणि वहिनी, तुमच्या डोंगरावर सगळं उलटं आहे. गडद, दाट रान धारेच्या माथ्यावरून गेलं आहे आणि बांबू बाजूच्या ओढ्यात उतरला आहे. मी तीन वेळा तपासलं, शेजारच्या दोघांकडूनही तपासून घेतलं. उंचीचे आकडे दुसऱ्या विभागात असतात आणि त्यांच्याकडे अर्ज करावा लागतो. पण जे डोळ्यांना लख्ख दिसतं ते अर्ज करून कशाला मागवायचं? माझा तर्क असा, की माथ्यावर धुकं अडत असावं आणि झाडं त्यावर पोसत असावीत. मी तुमच्याकडे आले होते तेव्हा परत निघेपर्यंत डोंगर ढगातच होता. यावर एक निबंध लिहावा असं मनात आहे. तू काही पाहिलं असशील तर कळव. तुमच्याकडे फोनला रेंज असती तर मी ही सगळी माहिती तोंडी दिली असती. धाकटा रेंज नसल्याबद्दल देवाचे आभार मानत असेल.

तुझी नणंद

—

२३ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र कारखान्यात मोठ्याने वाचलं. ‘विंचरलेल्या केसांसारखा बांबू’ ऐकल्यावर सगळ्या बायकांनी एकदम माझ्या डोक्याकडे पाहिलं. सकाळपासून बांबू चिरत होते, केसांत भुसा होता. “फ्लॉवरसारखं म्हणायला हवं होतं,” आमच्या चष्मेवाल्या मावशी म्हणाल्या. त्या इथल्या सगळ्यात जुन्या. चटई विणताना त्यांना चष्मा लागत नाही, माणसं ओळखायला लागतो.

कोड्याचं उत्तर मला येत होतं हे आधी नोंदवून ठेवा. पण पुढचं काही जमेना. आमचा ओढा खाली आहे, ओढ्याने जिथे असावं तिथेच. त्यात मी बांबू भिजत घालते, कारण पाण्यात मुरलेल्या बांबूला कीड धरत नाही. आणि बांबू वर, धारेवर आहे. म्हणून तर चढून चढून इथे प्रत्येकीच्या तोंडी गुडघेदुखी. तुमचा तो नवलाचा डोंगर नदीपलीकडचा असणार. तिकडे आमचं जाणं-येणं नाही, तेव्हा त्याच्या डोक्यावर रान असो की टक्कल, आम्हाला सारखंच.

तुमचे बंधुराज म्हणतात, “ताईला सांग, निबंध लिही पण आम्हाला वाचायला लावू नकोस.” मी मात्र म्हणते, लिहा. आणि जमलं तर त्या चित्राची एक मोठी प्रत पाठवा. कारखान्याची एक भिंत पोपडे धरून बसली आहे. ती झाकायला काहीतरी हवंच आहे.

तुमची वहिनी

—

४ जानेवारी

प्रिय वहिनी,

डोंगर तुमचाच. कारखान्याच्या पत्र्याचं छप्पर चित्रात पांढऱ्या टिकलीसारखं चमकतं आहे. मी त्याभोवती पेन्सिलीने गोल केला आहे. सोबत पुठ्ठ्याच्या नळीतून प्रत पाठवते.

तू ज्या ओढ्याबद्दल लिहितेस तो बहुधा एखादा बारीक ओहोळ असावा. आणि रागावू नकोस, पण माथ्यापर्यंत तू फारशी गेली नसावीस. पायथ्याशी राहणारी माणसं माथा गृहीत धरतात. मीच बघ, आमच्या इमारतीच्या गच्चीवर वर्षातून एकदा जाते, तेही टाकी वाहू लागली तर.

पान पक्कं झालं. गेल्या आठवड्यात ते वन विभागाकडेही गेलं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव आहे. चष्मेवाल्या मावशींना चष्मा लावून वाचायला सांग.

तुझी नणंद

—

२० जानेवारी

वन्सं,

माथ्यापर्यंत मी फारशी गेले नसेन, हे वाक्य मी मावशींना वाचून दाखवलं नाही. त्यांच्या हातात कोयता होता.

आधी कामाचं. वन कार्यालयाची नोटीस आली आहे. तुमच्या नव्या नकाशावरून ठरलं आहे म्हणे, की आमचं बांबूचं रान ‘ओढ्याकाठचं जंगल’, म्हणून तिथे यापुढे कोयता बंद. आणि जिथे खरा ओढा आहे, ती दाट झाडी ‘धारेवरची’, म्हणून तिथून वासे काढायचे. पुढच्या महिन्यात तोडायच्या झाडांवर खुणा करायला माणसं येणार. वन्सं, बांबू नाही तर कारखाना बंद. आणि ती झाडी गेली तर ओढा बंद, त्याच्या ओलीवर भरणारी विहीर बंद. भांडायला कुणाकडे जावं तर कागदाच्या कोपऱ्यात तुमचं नाव. मग मी तुमच्या भावाशी भांडले.

झालं असं. तुमचं चित्र जेवणाच्या टेबलावर पसरलं. मी एका बाजूला, ते समोर. लिहिलेलं सगळं माझ्या बाजूने सरळ होतं.

“हा बघ ओढा,” ते म्हणाले.

“ओढा कसला? धार आहे ती. चांगली फुगून वर आलीय.”

“चष्मा लाव.”

“लावलाय. तुमच्या ताईंना जे दिसलं तेच मला दिसतंय. सासरचं माणूस म्हणून आधी शंका घेतली, पण दिसतंय तर खरं.”

“अगं, मी काल त्याच ओढ्यात बादली वाहवून आलो.”

“मग बादली डोंगराच्या माथ्यावरून वाहून गेली म्हणायची.”

असं बराच वेळ. जेवण निवलं. मी पाणी आणायला उठले, तेवढ्यात ते खालची अक्षरं वाचायला माझ्या खुर्चीत येऊन बसले. मग मी त्यांच्या खुर्चीत बसले. आणि बघते तर धार खचून खाली गेलेली. सरळ सरळ ओढा.

“हं, आहे खरा ओढा,” मी म्हणाले.

“कसला ओढा?” ते म्हणाले. “तू म्हणत होतीस तेच बरोबर. धारच आहे की.”

मग पुन्हा भांडलो, पण आता मी त्यांच्या बाजूने आणि ते माझ्या. लग्नाला इतकी वर्षं झाली. माझं म्हणणं त्यांना पहिल्यांदा पटलं ते मी सोडून दिल्यावर. मी रोज त्या डोंगरावर चढते, वन्सं, तरी माझ्या खुर्चीतून मला तो उलटाच दिसला. हा काय चावटपणा आहे? आणि तुम्ही कोणत्या खुर्चीत बसला होतात?

तुमची वहिनी

—

२८ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मी उठले आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन बसले. माझा धुक्यावर पोसणारा डोंगर माझ्या डोळ्यांदेखत खचला आणि त्याच्या जागी साधासुधा, गुणी ओढा वाहू लागला. मी तीन वेळा तपासलं होतं हे खरंच; तिन्ही वेळा एकाच खुर्चीतून. शेजारच्या दोघांनीही तपासलं ते माझ्या खांद्यावरून वाकून.

आता कारण सांगते. एवढं मला सांगू दे, त्याशिवाय मला झोप यायची नाही. बादलीला आलेला पोचा आणि बादलीवरचा फुगवटा यांत डोळा फरक कसा करतो? उजेडावरून. उजेड वरून येतो, त्यामुळे फुगवट्याची वरची बाजू उजळ आणि खालची काळी. पोच्याचं याच्या उलट. सूर्य वर, दिवा वर; जन्मापासून हेच पाहिल्याने मेंदू विचारायच्या फंदात पडत नाही, उजेड वरूनच आला असं धरून चालतो.

आपला देश उष्ण कटिबंधातला. पावसाच्या महिन्यांत वरून पाहावं तर ढगच ढग, म्हणून आम्ही कोरड्या, निरभ्र थंडीतली चित्रं घेतो. त्या दिवसांत सकाळी आमचा उपग्रह वरून जातो तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. नकाशात उत्तर वर. म्हणजे कागदावर उजेड येतो खालून, उजव्या कोपऱ्यातून, आणि सावल्या पडतात वर. मेंदूला हे कोण सांगणार? तो आपल्या सवयीने धारेला ओढा करतो आणि ओढ्याला धार. सपाट मुलुखात उठायला-खचायला काही नसतंच, म्हणून इतकी वर्षं मला याचा पत्ता लागला नाही. तू रोज डोंगर चढतेस तरी फसलीस, याचंही नवल नको. पायांना माहीत असलेलं डोळे ऐकतातच असं नाही.

गंमत अशी, की उत्तर माझ्याच पहिल्या पत्रात होतं. गडद रान ओढ्याकाठी असतं असं मी तुला समजावून सांगितलं आणि माझ्या पानावर ते माथ्यावर दिसलं, तेव्हा शंका स्वतःवर घ्यायची सोडून डोंगरावर घेतली. उंचीचे आकडे आज मागवले. अर्ज एका ओळीचा होता. ओढा खाली आहे.

सोमवारी मोठ्या बाईंकडे जाते. आमच्या विभागाच्या त्या प्रमुख; त्यांच्या सहीशिवाय पक्कं झालेलं पान हलत नाही आणि सहीआधी समितीची बैठक होते. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो. पण दुरुस्ती निघेपर्यंत ओढ्याकाठच्या एकाही झाडाला खूण होऊ देऊ नकोस, कारण खूण झालेलं झाड नकाशा बदलल्यावर वाचतं, असा नियम मला सापडला नाही. कसं थांबवायचं ते तू बघ. त्या बाबतीत तुझं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त झालं आहे.

तुझी नणंद

—

९ फेब्रुवारी

वन्सं,

आली माणसं. रंगाचे डबे, कुंचले, कमरेला टेप. पथकाचे मुकादम आणि एक वनरक्षक, आणखी दोघं सामान उचलायला.

मी म्हटलं, आधी चहा. चहाला नाही म्हणणारं सरकारी पथक अजून निघायचंय. टेबलावर तुमचं चित्र पसरूनच ठेवलं होतं. मुकादमांना माझ्या खुर्चीत बसवलं, वनरक्षकांना समोर.

“मुकादम,” मी म्हटलं, “खुणा करायच्या ती धार तेवढी बोटाने दाखवा म्हणजे आमची माणसं वाटेत येणार नाहीत.”

त्यांनी दाखवली. समोरून वनरक्षक म्हणाले, “साहेब, तो तर नाला आहे.”

“नाला? डोळे कुठे विकून आलास?”

“विकले असते तर नाला दिसला असता का?”

वन्सं, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. फरक इतकाच, की हे नवरा-बायको नव्हते, त्यामुळे लवकर दमले. मग मी दोघांना खुर्च्या बदलायला सांगितल्या. कारखान्यातल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मावशी चष्मा लावून आल्या, म्हणजे बघा.

मुकादम बराच वेळ चित्राकडे बघत बसले. उठले, बसले, पुन्हा पलीकडे गेले. मग म्हणाले, “जागेवरच बघू.” आम्ही सगळे गेलो. तुमच्या नकाशाप्रमाणे ते डोंगरमाथ्यावर पोचले तेव्हा गुडघाभर पाण्यात उभे होते. बूट हातात, डोक्यावर दाट सावली आणि तोंडावर असा भाव, की कुणी आपली चेष्टा करतंय पण कोण ते कळेना. वनरक्षक फक्त म्हणाले, “माथ्यावर गारवा चांगला आहे, साहेब.”

माणूस मात्र सरळ निघाला. परतताना मला म्हणाले, “बाई, मला दिसतंय ते मी नाकारत नाही. पण माझ्या हातात कागद आहे आणि कागदात धार आहे. पंधरवडाअखेर दुसरा कागद आला नाही तर मला डबा उघडावा लागेल.” रंगाचे डबे इथेच ठेवून गेलेत, न उघडलेले. मी त्यांच्यावर ओल्या बांबूचे भारे रचलेत, आपले सहज.

गावात विहिरीवर याच गोष्टी चालल्यात. मी सगळ्यांना सांगितलंय, आमच्या वन्सं तिकडे बघताहेत. तेव्हा बघा.

तुमची वहिनी

—

१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दुसरा कागद निघाला. समितीची बैठक झाली, मोठ्या बाईंची सही झाली आणि दुरुस्त पान काल खास माणसाबरोबर तुमच्या वन कार्यालयाकडे गेलं. हे पत्र मिळेल तेव्हा मुकादमांच्या हाती ते पडलेलं असेल. ओढ्याकाठचं रान आता ओढ्याकाठीच आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना वासे तोडता येणार नाहीत असा पट्टाही आखून दिला आहे. बांबू धारेवर आहे. कोयता चालू दे, फक्त बेटातली कोवळी काठी राखा, पण हे मी तुला काय सांगणार. डबे परत देताना वरचे भारे उचलायला मुकादमांनाच सांग.

सोमवारचं ऐक. मोठ्या बाई कडक. मी चूक सांगितली, कारण सांगितलं, बैठकीला लागणारे कागद पुढे केले. त्या चित्राकडे पाहत म्हणाल्या, “पण ही धारच आहे. मला स्पष्ट दिसते आहे. विनाकारण बैठक कशाला?” वहिनी, त्या क्षणी मला वाटलं, संपलं, उंचीचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले तरी डोळे काही आकड्यांचं ऐकायचे नाहीत. मग तुझी आठवण झाली. मी म्हटलं, “बाई, जरा माझ्या खुर्चीत बसता का?”

विभागप्रमुखांना असं कुणी विचारत नाही. त्या बसल्या. मग उठून आपल्या खुर्चीत गेल्या, पुन्हा माझ्या खुर्चीत आल्या. शिपाई चहा घेऊन आला तो दारातच उभा राहिला. शेवटी म्हणाल्या, “थंडीतली अशी किती पानं आपण बाहेर पाठवली आहेत?” बैठक दुसऱ्याच दिवशी लागली. डोंगराळ पानांचा सगळा गठ्ठा आता पुन्हा तपासला जातो आहे, या वेळी उंचीचे आकडे शेजारी ठेवून, आणि ते काम माझ्याकडेच दिलं आहे. पानाच्या कोपऱ्यातलं माझं नाव काढू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “राहू द्या. म्हणजे लोक पत्र कुणाला लिहायचं ते शोधत बसणार नाहीत.”

एक काम त्यांनी आणखी सांगितलं. हे नकाशे वापरणाऱ्या प्रत्येक कार्यालयासाठी पानामागे चार ओळी छापायच्या, कुणालाही करता येईल अशी एक परीक्षा. मसुदा तुला आधी पाठवते. विहिरीवर वाचून दाखव, कुणाला अडलं तर कळव.

‘वरून काढलेलं डोंगराचं कोणतंही चित्र घ्या, छापील किंवा फोनवरचं. (फोन लबाड असतो, तो फिरवला की चित्रही फिरवून घेतो. त्याची ती खोड आधी बंद करा.) चित्रात अशी एक वस्तू शोधा जी उभीच असणार याबद्दल वाद नाही: एकटं झाड, पाण्याची टाकी, मनोरा. तिची सावली कोणत्या बाजूला पडली आहे ते पाहा. आता ती सावली तुमच्या पोटाच्या दिशेने येईपर्यंत चित्र फिरवा, आणि पुन्हा डोंगराकडे पाहा.’

तुझी नणंद